करडीची पाकळी काढायची तर

औषधी शेती करायची आहे, कुठलं बी आणू, असं विचारत दर पावसाळ्याच्या शेवटी कुणी ना कुणी आमच्या ओसरीवर येतंच. कुणाच्या मोबाइलमध्ये अश्वगंधा असते, कुणाच्या कोरफड, कुणी अजूनही सफेद मुसळीचं नाव काढतं. मुसळीची लाट मराठवाड्यानं पाहिली आहे. लोकांनी उसनवारी करून महागाचे कंद घेतले, जिवापाड जपले, आणि माल निघाल्यावर 'आम्हीच विकत घेऊ' म्हणणारे फोन उचलेनात. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. करडी पेरा.

पोरांचे चेहरे पडतात. करडी म्हणजे तेल, करडी म्हणजे काटे, करडी म्हणजे आजोबांच्या काळातलं पीक. पण पुस्तकात जिला करडई म्हणतात ती ही करडी वैद्यांच्या पोथीत 'कुसुंभ' म्हणून आहे. चीनमध्ये तिच्या वाळलेल्या पाकळ्या 'हाँगहुआ' या नावानं औषधाच्या दुकानात विकल्या जातात. तिकडचे वैद्य रक्ताभिसरणासाठी आणि पाळीच्या तक्रारींवर त्या देतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात या पिकावर संशोधन करणारं केंद्र आहे, तिथून निघालेलं वाण बाहेरच्या राज्यांत जातं. घरासमोर डॉक्टर राहत असताना औषधाला मुंबई गाठण्यातला हा प्रकार आहे.

आता पाकळीसाठी करडी कशी करायची ते सांगते. यातलं बरंचसं सासूबाईंकडून आलेलं आहे, काही विद्यापीठाच्या मेळाव्यांतून ऐकलेलं आणि मग रानात ताडून पाहिलेलं.

पहिली गोष्ट रानाची. करडीला खोल काळी जमीन लागते. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची गोदाकाठची रानं किंवा पूर्णेकडची भारी जमीन असेल तर विचारायलाच नको. करडीचं सोटमूळ दोन-दोन मीटर खाली जातं आणि पावसाळ्यात मुरलेली ओल वर ओढून आणतं. म्हणून हिवाळाभर पाण्याचा थेंब न देता ती उभी राहते. जिंतूरकडच्या डोंगरउतारावर हलकं मुरमाड रान असेल तर तिथे हट्ट करू नका. मूळ मुरमाला टेकलं की झाड खुजं राहतं, बोंडं लहान होतात आणि लहान बोंडातली पाकळी काढायला मजुरी तेवढीच जाते. आणखी एक, पाणी साचणारं रान नको. करडी तहान सोसते, पण मुळाशी साचलेलं पाणी तिला दोन दिवस सोसवत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला जिथे पावसाळ्यात बेडूक ओरडतात, तेवढा तुकडा सोडून पेरा.

मूग किंवा उडीद निघालेलं रान सगळ्यांत चांगलं, कारण ते लवकर मोकळं होतं. हल्ली सगळीकडे सोयाबीन. सोयाबीनचं रान मोकळं व्हायला कधी कधी दसरा उजाडतो आणि तोवर वरची ओल उडालेली असते. सोयाबीननंतरच करडी घ्यायची असेल तर खरिपातच लवकर येणारं सोयाबीन पेरायचं. रब्बीची तयारी जूनमध्ये सुरू होते ती अशी. सोयाबीन काढल्यावर नांगर मुळीच घालू नका. नांगरलं की ओल गेली. वखराची एक पाळी द्या आणि पेरा.

वेळेबद्दल सासूबाई फार कडक होत्या. उत्तरा नक्षत्राच्या शेवटी आणि हस्तात करडी जमिनीत गेलीच पाहिजे, चित्रात पेरली तर मावा खाणार, हे त्यांचं गणित. इंग्रजी तारखांत सांगायचं तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. विद्यापीठाची कोरडवाहू करडीची शिफारस यापेक्षा फारशी वेगळी नाही. कारणही साधं आहे. मावा थंडी आणि ढगाळ हवा धरून येतो. वेळेवर पेरलेलं झाड तोवर चिवट झालेलं असतं, उशिराचं अजून कोवळं असतं आणि त्याच्या शेंड्यावर मावा बसतो. पाणी हाताशी असेल तर ऑक्टोबर संपेपर्यंत चालून जातं, पण ती सवलत आहे, रीत नव्हे.

बियाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण बियापासूनच सुरुवात करायची आहे. करडीचं रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही. सोटमूळ मोडलं की झाड मोडलं. गादीवाफ्यावर रोपं करून लावू का, असं शहरातल्या मुली विचारतात. नको. बी थेट जिथे वाढायचं तिथेच टाकायचं, मग ते शेत असो की गच्चीवरचा खोल ड्रम. कुंडीत लावायचंच असेल तर गुडघ्याइतकी खोल कुंडी घ्या आणि एका कुंडीत एकच झाड ठेवा.

घरचं बी असेल तर पेरणीच्या दहा दिवस आधी ओल्या गोणपाटात मोजून 100 दाणे गुंडाळून ठेवा. 80 च्या वर मोड आले तर बी चांगलं. कमी आले तर त्या प्रमाणात जास्त टाका, फारच कमी आले तर ते बी घाण्यावर द्या आणि दुसरं आणा. सरळ वाणाचं बी घरी धरता येतं, संकरिताचं येत नाही, हे विकत घेतानाच विचारून घ्या. एकराला चार-पाच किलो बी पुरतं.

पेरायच्या आदल्या रात्री बी साध्या पाण्यात भिजत घालायचं आणि सकाळी सावलीत पसरून वरचं पाणी सुकू द्यायचं. करडीचं टरफल जाड असतं, भिजवलेलं बी कमी ओलीतही लवकर फुगून उगवतं. मग बीजप्रक्रिया. पाकळी औषधाला किंवा चहाला जाणार असेल तर मी ट्रायकोडर्माच सांगते. किलोला चार-पाच ग्रॅम, हातानं हलकं चोळून. मर रोग जमिनीतून येतो आणि एकदा झाड मान टाकायला लागलं की त्यावर इलाज नाही, जो काही करायचा तो बियावरच. ज्या रानात गेल्या साली मर होती तिथे यंदा करडी नकोच.

तिफणीनं दीड फुटावर तास धरा आणि बी ओलीत पडेल इतकं खोल जाऊ द्या. साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं. ओल खाली गेली म्हणून हातभर खोल टाकाल तर कोंब वर येईस्तोवर दमतो. चाड्यावर मूठ धरणारी बाई जाणती असावी. हल्ली ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं पेरतात, तेही चालतं, फक्त ड्रायव्हरला घाई नसावी.

उगवल्यावर पंधरा दिवसांनी विरळणी. इथे लोक हात आखडतात. उगवलेलं रोप उपटायला जीव होत नाही. पण दोन झाडांत वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे. दाटीत फांद्या फुटत नाहीत आणि फांद्या नाहीत तर बोंडं नाहीत. एका जागी दोन रोपं ठेवलीत तर पाकळी दुप्पट होणार नाही, निम्मी होईल.

शिवाय उपटलेलं वाया कुठे जातं? करडीची भाजी ही त्या पंधरा दिवसांची चीज आहे. परभणीच्या बाजारात हस्त-चित्राच्या सुमारास जुड्या येतात, पण रानातून उपटून त्याच संध्याकाळी केलेलीची सर त्यांना नाही. मुळं छाटा, पानं धुऊन चिरा, वाफवून घट्ट पिळा. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आणि फोडणी करडीच्याच तेलाची. वर गरम ज्वारीची भाकरी. महिनाभरात झाड उंच व्हायला लागलं की पानांच्या कडांना काटे येतात आणि भाजीचे दिवस संपतात.

पहिला महिना करडी नुसती जमिनीला चिकटून पसरलेली असते. हलत नाही, वाढत नाही, शेजारचा हरभरा हसतो. घाबरू नका, युरिया तर टाकूच नका. त्या दिवसांत ती खाली मूळ सोडत असते. युरियानं पाला माजतो आणि मावा जेवायला येतो. या महिन्यात तिला हवी फक्त स्वच्छ जागा. दोन कोळपण्या आणि एक खुरपणी. दुसरी कोळपणी भेगा बुजवण्यासाठी आहे हे लक्षात असू द्या, कारण काळ्या रानातली अर्धी ओल भेगांतूनच उडून जाते. पाणी द्यायची सोय असेल तर एक पाणी महिन्याभरानं, भेगा पडायच्या आधी, हलकं. भेगाळलेल्या रानात पाट सोडला की पाणी थेट मुळाशी भरतं आणि आठवड्यात झाडं उभी वाळतात. त्यापेक्षा न दिलेलं बरं.

मावा आलाच तर पहिल्यांदा कडेच्या ओळींवर दिसतो. पेरणीपासून महिना झाला की रोज संध्याकाळी नुसता बांधावरून फेरा मारा. काळपट किडे शेंड्याला दाटलेले, पानं चिकट, मुंग्यांची ये-जा, ही त्याची खूण. पहिल्याच दिवशी चार झाडांचे शेंडे चुरगाळून काढले तर पुढचं संकट टळतं. वाढला तर निंबोळीचा अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून, थोडा साबणाचा चुरा घालून शंभर लिटर करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. झाडावर ढालकिडे दिसत असतील तर तेही करू नका, त्यांना खाऊ द्या. ज्या पाकळ्या कुणाच्या तरी कपात जाणार आहेत त्यांच्या बोंडावर विषारी औषध मारायचं नाही. तेलासाठीचं रान वेगळं, पाकळीचं वेगळं ठेवा. पाकळीला फार मोठं रान लागतही नाही. दहा गुंठ्यांच्या पाकळ्या काढता काढता घरच्या बायका बेजार होतात.

कुठला वाण, हा प्रश्न इथे येतो. परभणीची 'परभणी कुसुम' म्हणजे पीबीएनएस-12, आणि 'पूर्णा' म्हणजे पीबीएनएस-86, या दोन्ही आपल्या रानाला सरावलेल्या. दोन्ही काटेरी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी-6' हा बिनकाट्याचा वाण काढला आणि करडीच्या पाकळ्यांच्या चहाचा प्रसारही त्या संस्थेनंच केला. पाकळीच काढायची असेल तर बिनकाटेरी सोयीचा, यात वाद नाही. तरी माझं मत वेगळं आहे. बिनकाट्याच्या करडीत रोही आणि रानडुक्कर मोकळे शिरतात. आपल्याकडे जुने लोक ज्वारीच्या कडेनं करडीचे चार तास टाकायचे ते जनावर आत येऊ नये म्हणून, ते उगाच नाही. मधे बिनकाटेरी आणि चौफेर काटेरीचे तास, असं केलं तर दोन्ही साधतं. एवढं मात्र की शेजारी दोन वाण असले की मधमाश्या परागांची सरमिसळ करतात, म्हणून त्या वर्षीचं बी पुढे पेरायला धरू नका.

डिसेंबरच्या मध्यावर शेंड्याचं पहिलं बोंड फुलतं, मग फांद्यांची. महिनाभर हा फुलोरा चालतो. आता खरी गोष्ट. उमललेलं पिवळंधमक फूल पाहून हात शिवशिवतो, पण तेव्हा तोडायचं नाही. त्या पाकळ्यांच्या नळीतच पराग आहे, दाणा अजून धरायचा आहे. मधमाश्यांना त्यांचं काम करू द्या. तीन-चार दिवसांत पिवळा रंग केशरी होतो, मग लाल, आणि पाकळ्या मलूल होऊन झुबक्यासारख्या लवतात. आता खाली दाणा धरला. या अवस्थेत पाकळी काढली तर दाण्याला काही तोटा नाही, तेल तेवढंच निघतं. म्हणून तर मी हे पीक सांगते. मुसळीत कंद गेला की सगळं गेलं. इथे पाकळी जमली नाही तरी करडी घाण्यावर जातेच.

काढायची रीत अशी. डाव्या हातात जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून बोंडाला देठाकडून आधार द्या. उजव्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत लाल झुबका मुळाशी धरा आणि सरळ वर ओढा. तयार असेल तर सगळ्या पाकळ्या एकदम, आवाज न करता सुटून येतात. अडली, तुटली, बोटाला पिवळा रस लागला, तर ते बोंड अजून कच्चं आहे, सोडून पुढे जा. तीन दिवसांनी पुन्हा यायचंच आहे. एका झाडावर तीन-चार फेऱ्या होतात.

वेळेचा पेच इथेही आहे. पहाटे दवानं काटे नरम असतात, हात फाटत नाहीत, म्हणून बायका पहाटे जाऊ म्हणतात. पण दवात काढलेली पाकळी ओली, आणि ओली पाकळी ढिगात दुपारपर्यंत काळी पडून आंबते. दुपारी पाकळी कोरडी मिळते पण काटे सुईसारखे. मधली वेळ साधायची. दव उतरायला लागलं आहे, पानांवर थेंब नाहीत, पण काटे अजून कडक झालेले नाहीत, असा तास-दीड तास मिळतो. थंडीत तो साधारण नऊच्या आसपास असतो. तेवढ्यातच काम करा, बाकीचं दुसऱ्या दिवशी. काढलेल्या पाकळ्या सुती कापडाच्या झोळीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

घरी आल्या आल्या माळवदाखाली किंवा पडवीत जुन्या सुती साडीवर पातळ पसरा. उन्हात नको, रंग विटतो. रोज एकदा हलक्या हातानं वरखाली करा. तीन-चार दिवसांत चिमटीत घेऊन चुरडली की कुरकुरीत मोडते, तेव्हा बरणीत भरा. दमट पाकळी भरली तर महिन्यात बुरशीचा वास येतो आणि ती फेकून द्यावी लागते. बरणी काचेची, झाकण घट्ट, जागा अंधारी.

या पाकळीत दोन रंग आहेत. पिवळा पाण्यात लगेच उतरतो, लाल साध्या पाण्यात उतरत नाही, त्याला खार लागतो. पूर्वी कुसुंबी रंग काढणारे आधी पाकळ्या धुऊन पिवळा काढून टाकत, मग पापडखारासारख्या खाराच्या पाण्यात लाल सोडवत आणि आंबट घालून तो कापडावर बसवत. इजिप्तच्या ममींच्या वस्त्रांनाही हा रंग सापडला आहे. 1856 नंतर कारखान्यातले कृत्रिम रंग आले आणि कुसुंब्याचा धंदा बसला. आपल्या कपात येतो तो पिवळा. चिमूटभर पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवायचं. चव थोडी गवतासारखी, किंचित कडसर, हवा तर गूळ घाला.

पण ही पाकळी औषध आहे, म्हणजे तिला पथ्यही आहे. गरोदर बाईनं घ्यायची नाही, अजिबात नाही, ती गर्भाशयाला चाळवते. पाळीत फार अंगावरून जात असेल तिनंही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ऑपरेशन ठरलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटसुद्धा नको. दुखण्यावर म्हणून घ्यायची तर वैद्यांना दाखवून घ्या. चहा म्हणून दिवसाला एक कप पुरे. विकताना हे पथ्य पुडीवर लिहून द्या. गिऱ्हाईक बिचकेल म्हणाल, तर बिचकलेलं गिऱ्हाईक परवडतं.

आणि ही पाकळी केशर म्हणून विकू नका. तो धंदा फार जुना आहे. केशराची काडी अखंड असते, टोकाला तुतारीसारखी रुंद, पाण्यात हळूहळू रंग सोडते. करडीची पाकळी बारीक नळीसारखी, टोकाला पाच फाटे, आणि पाण्यात पडताच पिवळी. जाणकाराला एका नजरेत कळतं. करडीची पाकळी या नावानंच विका, भाव कमी येईल पण पुढच्या साली गिऱ्हाईक परत येईल. आयुर्वेदिक औषधांचे व्यापारी, चहाची पाकिटं करणारे महिला बचत गट, रंगासाठी घेणारे खादीवाले, यांच्याशी पेरणीआधीच बोलून ठेवा, माल निघाल्यावर नाही.

फेब्रुवारी अखेरीस झाड खालून वर तपकिरी होतं, बोंडाची पानं वाळतात. तेव्हा काढणी, तीही सकाळीच, काटे नरम असताना. कापून पेंढ्यांचे ढीग घालायचे, वर दगड ठेवायचे म्हणजे वाऱ्यानं उडत नाहीत, आणि पाच-सहा दिवसांनी काठीनं बडवून मळणी. आता हार्वेस्टर येतो आणि तासाभरात एकर मोकळं करतो. त्यात मला काही वाईट वाटत नाही. करडी मागे पडली ती काट्यांमुळे आणि मजुरांमुळे, मशीन आलं तर ती परत येईल. तेल लाकडी घाण्यावर काढा, पेंड जनावरांना घाला.

बियाण्याचं शेवटी सांगते कारण तेच आधी करायचं आहे. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो आणि त्यात रब्बीच्या बियाण्याची विक्री सुरू होते. ज्वारी-हरभऱ्याच्या पिशव्यांसाठी झुंबड उडते, करडीच्या खिडकीवर त्या मानानं गर्दी कमी. तरी सकाळी लवकर जा आणि पिशवीवर वाणाचं नाव वाचून घ्या.